बैलाचे इंजेक्शन आणि गिधाडाची किडनी

पेण तालुक्यातले गागोदे बुद्रुक हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते विनोबा भावे यांचे जन्मगाव म्हणून. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म इथे झाला. आयुष्याच्या शेवटच्या पर्वात, १९७९ मध्ये, गोहत्याबंदीसाठी त्यांनी उपोषण केले होते. राबून थकलेल्या बैलाने, आटलेल्या गाईने गोठ्यातच म्हातारे व्हावे आणि आपल्या मरणाने मरावे, ही भावना विनोबांच्या आधीपासून इथल्या शेतकऱ्यात होती. म्हातारे जनावर लंगडू लागले, सांधे सुजले, उठता येईना, तर त्याला निदान वेदना तरी होऊ नयेत म्हणून सुई टोचणारा माणूस बोलावला जाई. यात दयाच होती. पण १९९०च्या दशकात त्या सुईत जे औषध आले, त्याने देशातले गिधाड जवळजवळ संपवले. आणि गिधाड संपल्याची किंमत पुढे माणसाने मोजली.

मेलेल्या जनावराचे काय होते, हा प्रश्न घरात सहसा कुणी बोलत नाही. रायगडातल्या बहुतेक गावांत गावकुसाबाहेर एखादा माळ, ओढ्याकाठची जागा त्यासाठी ठरलेली असे. ढोर तिथवर ओढून नेणे आणि त्याचे कातडे काढणे हे काम जातीच्या जोरावर काही माणसांवर लादले गेले होते. याच जिल्ह्यातल्या महाडला मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडा असे आपल्या लोकांना सांगितले, ते चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्याच वेळी. तेव्हा या विषयाला इतिहास आहे आणि तो सुखाचा नाही. कातडे काढून झाल्यावर उरलेले काम मात्र कोणत्याही माणसाला करावे लागत नसे. आकाशात एक ठिपका दिसे, मग दहा, मग पन्नास. मोठा थवा उतरला तर अख्खा बैल तास-दोन तासांत हाडांवर येई. दुर्गंधी नाही, अळ्या नाहीत, पाण्यात काही झिरपणे नाही. गिधाडाच्या जठरातले आम्ल इतके तीव्र असते, की माणसाला रुग्णालयात दाखल करायला लावील असे कुजके मांस त्याला सहज पचते. कोणत्याही ग्रामपंचायतीला इतकी स्वस्त आणि चोख स्वच्छता यंत्रणा कधी मिळालेली नाही.

१९८०च्या दशकात भारतात गिधाडांची संख्या काही कोटी होती. पांढऱ्या पाठीचे गिधाड तर जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत सर्वाधिक संख्येने आढळणारे मानले जाई. राजस्थानातल्या भरतपूरला केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून त्यांना घरटी रिकामी दिसू लागली. काही गिधाडे फांदीवर मान खाली टाकून बसलेली असत आणि काही दिवसांत झाडाखाली मरून पडत. पुढे देशभर मोजणी झाली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीची आणि निमुळत्या चोचीची मिळून जवळजवळ ९७ टक्के. डोडो हा पक्षीसुद्धा इतक्या वेगाने संपला नव्हता.

कारण शोधायला वेळ लागला, कारण सगळ्यांचा पहिला संशय एखाद्या नव्या विषाणूवर होता. साथ असेल तर विषाणूच असणार, ही सवय वैद्यकातही जुनी आहे. कीटकनाशके तपासली, जड धातू तपासले, काही हाती लागेना. उत्तर आले ते पाकिस्तानातल्या पंजाबमधून. लिंडसे ओक्स हे अमेरिकी पशुवैद्यक आणि त्यांचे सहकारी मेलेली गिधाडे गोळा करून शवविच्छेदन करत होते. बहुसंख्य पक्ष्यांच्या यकृतावर, हृदयाच्या आवरणावर, मूत्रपिंडांवर खडूची भुकटी शिंपडावी तसा पांढरा थर होता. तो युरिक आम्लाच्या स्फटिकांचा. माणसाच्या पायाच्या अंगठ्यात हेच स्फटिक साठले की त्याला गाऊट म्हणतात. गिधाडांत ते सगळ्या अवयवांवर साठले होते, म्हणजे मूत्रपिंडे बंद पडली होती. मग या संशोधकांनी एक साधा, शहाणपणाचा प्रश्न विचारला. गिधाड फक्त मेलेली गुरे खाते. मग गुरांच्या पोटात असे काय जाते, जे मूत्रपिंडाला बाधते? औषध विक्रेत्यांकडे चौकशी केल्यावर यादीत एक नाव पुढे आले : डायक्लोफेनॅक. गाऊट झालेल्या २५ गिधाडांची तपासणी केली, पंचविसांतही ते सापडले. गाऊट नसलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही नाही. २००४ साली 'नेचर'मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. एका औषधाने एक पक्षी जवळजवळ नामशेष केल्याचे इतके स्वच्छ उदाहरण औषधशास्त्रात दुसरे सापडणे कठीण.

डायक्लोफेनॅक कोणाला माहीत नाही? पाठदुखी, दाढदुखी, मुतखड्याची कळ, शस्त्रक्रियेनंतरची वेदना, सगळीकडे ते वापरले जाते. कोकणात भातलावणीच्या दिवसांत चिखलात वाकून कंबर धरली, की मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या गोळीत बहुधा हेच असते. वेदना आणि सूज निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने ते रोखते. पण हीच रसायने मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतात. तरुण, पाणी नीट पिणाऱ्या माणसात दोन दिवसांच्या गोळ्यांनी काही बिघडत नाही. म्हाताऱ्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या, जुलाबाने सुकलेल्या माणसाची मूत्रपिंडे याच गोळीने बसतात, आणि अशी माणसे सरकारी रुग्णालयांत दर पावसाळ्यात येतात. पक्ष्यांची अडचण याहून मोठी. ते नत्राचा कचरा आपल्यासारखा युरियाच्या रूपात पाण्यात विरघळवून टाकत नाहीत. पांढऱ्या युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात. मूत्रपिंडातली ती वाट बंद झाली की रक्तात युरिक आम्ल झपाट्याने चढते. त्यातून आपल्याकडच्या गिधाडांना डायक्लोफेनॅक लवकर पचवून बाहेर टाकता येत नाही. ते शरीरात रेंगाळते, आणि दोन-तीन दिवसांत पक्षी मरतो. गंमत अशी की अमेरिकेतल्या टर्की व्हल्चर या वेगळ्या कुळातल्या गिधाडाला याच औषधाचा कितीतरी मोठा डोस देऊनही काही झाले नाही. कोण जगेल हे पक्ष्याच्या कुळावर ठरते. नावात 'गिधाड' असणे पुरत नाही.

मात्रेचा हिशेब पाहिला की अंगावर काटा येतो. गिधाडाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक पोटात गेले, तर अर्धी गिधाडे मरतात. गिधाडाचे वजन धरा पाच किलो. म्हणजे अर्धा ते एक मिलिग्रॅम. आपण घेतो ती गोळी ५० मिलिग्रॅमची असते. आणि तीनशे किलोच्या बैलाला किलोमागे अडीच मिलिग्रॅम या मापाने साडेसातशे मिलिग्रॅम टोचले जात असे. असा बैल एक-दोन दिवसांत मेला आणि त्यावर थवा उतरला, तर एका जनावरामागे डझनांनी गिधाडे जातात. म्हणूनच सगळ्या मृत गुरांपैकी एक टक्क्याहून कमी गुरांत हे औषध असले, तरी गिधाडांची घसरण समजावून सांगता येते, असे गणित शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मांडले. नंतर देशभर मृत गुरांच्या यकृतांचे नमुने तपासले, तेव्हा सुमारे दहा टक्क्यांत ते सापडले.

इथे विनोबांच्या गाईकडे परत यावे लागते. ज्या देशांत जनावर धष्टपुष्ट असतानाच कत्तलखान्यात जाते, तिथे त्याच्या म्हातारपणाचे दुखणे हा प्रश्न फारसा नसतो आणि त्याचे शवही उघड्यावर पडत नाही. भारतात दोन्ही होते. गुरे म्हातारी होऊन मरत, त्यामुळे कोट्यवधी गिधाडे पोसली गेली. आणि तीच गुरे शेवटच्या दिवसांत वेदनाशामक घेऊन मरू लागली, त्यामुळे गिधाडे मेली. करुणेनेच पक्षी पोसला आणि करुणेनेच मारला, असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते अर्धेच खरे. करुणेचा दोष नव्हता. प्रश्न फक्त औषध कोणते, इतकाच होता.

त्याचे उत्तर शोधायला आफ्रिका मदतीला आली. भारतातली गिधाडे इतकी कमी उरली होती, की नव्या औषधाची चाचणी त्यांच्यावर थेट घेणे धोक्याचे होते. दक्षिण आफ्रिकेत जखमी झाल्यामुळे पुन्हा रानात सोडता न येणारी आफ्रिकी पांढऱ्या पाठीची गिधाडे सांभाळली जात होती. तीही त्याच कुळातली. प्रिटोरियाचे पशुवैद्यक जेरी स्वान आणि त्यांच्या चमूने त्यांना मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक वाढत्या मात्रेत दिले, रोज रक्तातले युरिक आम्ल मोजले. एकही पक्षी दगावला नाही. मग भारतात पिंजोरच्या केंद्रातल्या गिधाडांवर सावधपणे तीच खात्री करून घेतली. २००६ च्या सुरुवातीला हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी भारत सरकारने गुरांसाठीचे डायक्लोफेनॅक थांबवण्याचा आदेश काढला. गुरांचे दुखणे थांबते आणि गिधाड मरत नाही, असे औषध हाताशी आले नसते, तर बंदी कागदावरच राहिली असती. बैल कण्हत असताना शेतकऱ्याला पक्ष्याची गोष्ट सांगून उपयोग नसतो.

तरी पळवाट राहिलीच. गुरांचे डायक्लोफेनॅक बंद झाले, माणसांचे नाही, आणि ते बंद करण्याचे कारणही नव्हते. पण माणसांसाठी म्हणून ३० मिलिलिटरच्या बाटल्या विकल्या जात. एका मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम, म्हणजे बाटलीत साडेसातशे. वरचा हिशेब आठवला तर ही बाटली कोणाच्या मापाची आहे हे सांगायला नको. माणसाला एका वेळी तीन मिलिलिटर पुरते. २०१५ मध्ये केंद्राने तीन मिलिलिटरहून मोठ्या डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शनवर बंदी घातली. औषध कंपन्या न्यायालयात गेल्या, मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बंदी कायम ठेवली. एका रुग्णाला रोजच्या उपचारात काही फरक पडला नाही. बैलाला टोचायचे तर आता दहा अँप्यूल फोडाव्या लागतात, ते कुणी सहसा करत नाही.

दुसरी पळवाट अधिक चतुर होती. अ‍ॅसिक्लोफेनॅक हे माणसांत खपणारे दुसरे औषध गुरांतही आले. गुरांच्या शरीरात ते गेल्यावर त्याचे डायक्लोफेनॅकच बनते. म्हणजे नाव बदलून तेच विष. कीटोप्रोफेन आणि निमेसुलाइडही गिधाडांना बाधक ठरले. २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेन गुरांसाठी बंद झाले, त्यानंतर निमेसुलाइडही. मेलॉक्सिकॅमसोबत टॉल्फेनॅमिक आम्ल सुरक्षित ठरले आहे. इतके सगळे व्हायला डायक्लोफेनॅकच्या बंदीनंतर जवळजवळ दोन दशके गेली. प्रत्येक औषध आधी बाजारात येते, मग गिधाडे मरतात, मग त्याची तपासणी होते. गुरांच्या वेदनाशामकाला परवाना देतानाच ते गिधाडाला चालते का हे पाहणे अवघड नाही, पण तशी सवय अजून लागलेली नाही.

कायदे दिल्लीत झाले, पण गिधाड वाचवण्याचे खरे काम अंगमेहनतीचे आहे आणि त्यातले बरेच रायगड जिल्ह्यात झाले. महाडची सिस्केप ही संस्था आणि तिचे प्रेमसागर मेस्त्री गेली अनेक वर्षे म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या आणि महाड तालुक्यातल्या नाणेमाचीच्या गिधाडांवर काम करत आहेत. चिरगावला पांढऱ्या पाठीची गिधाडे उंच झाडांवर घरटी करतात. नाणेमाचीच्या परिसरात लांब चोचीची गिधाडे सह्याद्रीच्या कड्यांत असतात. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेल्या फणसाड अभयारण्यात, म्हणजे जंजिऱ्याच्या नवाबाच्या जुन्या शिकारीच्या रानात, वन खात्याने गिधाडांसाठी खाद्य पुरवण्याची जागा केली. तिला इंग्रजीवरून 'व्हल्चर रेस्टॉरंट' म्हणतात. नाव ऐकून लोक हसतात. पण काम हसण्यासारखे नाही.

मेलेले जनावर उचलून दुसरीकडे नेणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळते. कोकणात बैल कमी झाले. नांगराची जागा पॉवर टिलरने घेतली, गोठे रिकामे झाले, आणि जे जनावर मरते ते बऱ्याचदा जेसीबीने खड्डा काढून पुरले जाते. त्यामुळे गिधाडांसमोर विषाइतकाच उपासमारीचाही प्रश्न उभा आहे. खाद्यस्थान चालवायचे तर आधी गावोगाव माणसे जोडावी लागतात. कुणाचे जनावर मेले की फोन यायला हवा. फोन आला की पहिला प्रश्न असतो तो असा : 'काका, जनावर कधी गेलं? आजारी होतं का? शेवटच्या आठ दिवसांत सुई टोचली होती? कुणी टोचली, बाटली आहे का अजून?' बाटली उकिरड्यावर सापडली तर तीही पाहतात. शंका आली तर ते जनावर गिधाडांकडे जात नाही, पुरले जाते. कुत्रा चावून जनावर मेले असेल तर तेही नाही, कारण मग ते उचलणाऱ्यालाच धोका. मग चार-सहा जण, दोरखंड, बांबू, टेंपो. जून ते सप्टेंबर चिखलातून. जागा अशी हवी जिथे पक्ष्याला खालून धावत सुटून उडता येईल, कारण भरल्या पोटी गिधाड लगेच उडू शकत नाही. जवळून विजेच्या तारा नकोत. भटक्या कुत्र्यांना आत शिरता येता कामा नये.

या कल्पनेचे मूळही दक्षिण आफ्रिकेत आहे. १९६०च्या दशकात ड्रॅकन्सबर्गच्या डोंगरांत गिधाडांना मुद्दाम मृत जनावरे घालायला सुरुवात झाली. तिथला पुढचा अनुभव डॉक्टरांना विशेष रस वाटावा असा आहे. जोहान्सबर्गजवळच्या डोंगरांत केप गिधाडांच्या पिलांचे पंख वाकडे, हाडे मोडलेली आढळू लागली. खायला मांस भरपूर होते. मग हे काय? पीटर मंडी आणि जॉन लेजर या अभ्यासकांनी १९७०च्या दशकात कारण दाखवले : कॅल्शियम कमी. रानात तरस हाडे फोडून चुरा करतो. त्यातले लहान तुकडे गिधाड घरट्यात नेऊन पिलाला भरवते. शेतकऱ्यांनी तरस मारून संपवले, गुरांच्या शेतांवर मांस उरले पण फुटलेली हाडे उरली नाहीत. पिलांना आपल्याकडच्या मुलांना होतो त्या मुडदुसासारखाच विकार होत होता. उपाय म्हणून माणसांनी हातोडे घेऊन हाडे फोडायला सुरुवात केली आणि हाडांचा चुरा मांसाशेजारी टाकला. पिले सुधारली. एका प्राण्याचे काम दुसऱ्या प्राण्याच्या हाडांवर कसे टेकलेले असते, हे पाठ्यपुस्तकापेक्षा त्या हातोड्यातून चांगले कळते.

आज मात्र आफ्रिकेतली गिधाडे आपल्याहून वेगळ्या संकटात आहेत. तीस वर्षांत तिथल्या आठ जातींची संख्या सरासरी ६२ टक्क्यांनी घटली, असे २०१५-१६ च्या सुमाराच्या अभ्यासात दिसले. तिथे विष चुकून जात नाही, हेतुपूर्वक घातले जाते. हत्ती मारणाऱ्या शिकाऱ्याला गिधाडे नको असतात, कारण आकाशात घिरट्या दिसल्या की वनरक्षक नेमके तिथे पोहोचतात. म्हणून हस्तिदंत काढून झाल्यावर शवावर कीटकनाशक ओततात. जून २०१९ मध्ये बोत्स्वानात असे विष घातलेले हत्ती खाऊन ५३७ गिधाडे मेली. २०२० मध्ये गिनी-बिसाऊ या पश्चिम आफ्रिकी देशात दोन हजारांहून अधिक गिधाडे विषाने मारली गेली, तीही त्यांची डोकी जादूटोण्यासाठी विकायला. अंधश्रद्धेची बाजारपेठ किती लांबवर पोहोचते याचे ते उदाहरण.

हे विष बहुधा कार्बोफ्युरानसारखे कार्बामेट गटातले असते. त्याचा परिणाम आपल्याकडच्या कोणत्याही तालुका रुग्णालयाला अपरिचित नाही : तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास घरघरणारा, स्नायू थरथरणारे. फवारणी करताना बाधा झालेला किंवा औषध प्यालेला शेतकरी असाच आणला जातो आणि त्याला अ‍ॅट्रोपिन दिले जाते. आफ्रिकेत विषबाधा झालेल्या जागी पोहोचणारे वनरक्षकही जिवंत सापडलेल्या गिधाडाला तेच अ‍ॅट्रोपिन टोचतात, अन्नपिशवी रिकामी करतात, सलाइन देतात आणि अंगावर टॉवेल टाकून अंधारात गाडीत नेतात. शव जाळून टाकणे हे त्याच कामाचा भाग, नाहीतर दुसऱ्या दिवशी आणखी पक्षी येतात. माणसाच्या कॅज्युअल्टीत आणि त्या माळरानावर चाललेले उपचार इतके सारखे असतात, की फक्त रुग्णाचे पंख वेगळे.

आता माणसाचा हिशेब. गिधाडे गेली, मेलेली गुरे राहिली. ती कुत्र्यांनी खाल्ली. कुत्री मांस खातात, पण थव्यासारखी साफ करत नाहीत. खातात, टाकतात, वाढतात. १९९२ ते २००६ या काळात गिधाडांअभावी कुत्र्यांची संख्या सुमारे ५५ लाखांनी वाढली, त्यातून सुमारे ३ कोटी ८५ लाख जादा चावे झाले आणि रेबीजने ४७ हजारांहून अधिक जादा मृत्यू झाले, असा अंदाज २००८ मध्ये अनिल मार्कंड्य यांच्या गटाने मांडला. आयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये आणखी मोठा आकडा पुढे आणला. जिथे पूर्वी गिधाडे भरपूर होती, त्या जिल्ह्यांत गिधाडे गेल्यावर मृत्युदर चार टक्क्यांहून जास्त वाढला. २००० ते २००५ या काळात जवळपास पाच लाख जादा मृत्यू. हे आकडे मृत्यूच्या दाखल्यांवरून मोजलेले नाहीत, जिल्ह्यांची तुलना करून काढलेले अंदाज आहेत, आणि त्यांच्याकडे तसेच पाहावे. दाखल्यावर 'गिधाडाचा अभाव' असे कारण कुणी लिहीत नाही. पण दिशेबद्दल शंका उरत नाही. मुंबईत मलबार हिलवर पारशी समाजाने दख्म्यात सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवली, हा याच घटनेचा आणखी एक परिणाम.

रेबीजची लक्षणे दिसू लागली की इलाज जवळजवळ नाही. आधी मात्र तो पूर्ण टाळता येतो. कुत्र्याने चावा घेतला, ओरखडा काढला किंवा उघड्या जखमेला चाटले तर जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. हळद, चुना, मिरची, तंबाखू काही लावायचे नाही. लस त्याच दिवशी सुरू करायची. सरकारी रुग्णालयात ती त्वचेत देतात, पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही भरावे लागते, आणि तीच गोष्ट अनेकदा राहून जाते. कुत्रा ओळखीचा आहे म्हणून थांबणारे लोक अजून भेटतात. मुलांच्या चाव्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण मूल घरी सांगत नाही आणि चावा बऱ्याचदा चेहऱ्यावर, मानेवर असतो.

शेतकऱ्याच्या हातात असलेली गोष्ट याहून सोपी आहे. गोठ्यात आलेल्या माणसाला बाटलीवरचे नाव वाचून दाखवायला सांगणे. मेलॉक्सिकॅम असेल तर ठीक. माणसांच्या मेडिकलमधून आणलेले इंजेक्शन गुराला टोचू द्यायचे नाही. जनावर मेलेच आणि शेवटच्या आठवड्यात भलते औषध गेलेले असेल, तर ते उघड्यावर टाकायचे नाही, खोल पुरायचे. पेण-रोह्यासारख्या तालुक्यांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. पण रात्री-अपरात्री गोठ्यात पोहोचतो तो बहुधा खासगी, अर्धशिक्षित 'सुईवाला', आणि त्याच्या पिशवीत काय आहे हे कुणी तपासत नाही. बंदीची खरी परीक्षा तिथेच होते.

देशाच्या पातळीवर वाटचाल सावकाश आहे. २०१५ च्या सुमारास केलेल्या मोजणीत पांढऱ्या पाठीची गिधाडे सुमारे सहा हजार, लांब चोचीची बारा हजार आणि निमुळत्या चोचीची हजाराच्या आसपास असावीत असा अंदाज निघाला. घसरण थांबली, वाढ दिसत नाही. हरियाणातल्या पिंजोरला बीएनएचएस आणि राज्य सरकारने २००४ पासून प्रजनन केंद्र चालवले. तिथे वाढलेली वीस गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये विदर्भात आणली गेली, लांब चोचीची पेंचला आणि पांढऱ्या पाठीची ताडोबाला. बाहेर सोडण्यापूर्वी त्यांना परिसराची सवय व्हावी म्हणून मोठ्या पिंजऱ्यांत ठेवले. पाठीवर ट्रान्समीटर बांधले, म्हणजे पक्षी कुठे गेला आणि मेला तर कशाने मेला, हे कळावे.

रायगडात तेवढा खर्च नाही, पिंजरेही नाहीत. इथे जी गिधाडे उरली त्यांच्यावरच सगळे आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-अलिबागच्या किनाऱ्यावर आदळले आणि जिल्ह्यात हजारो जुनी झाडे मुळापासून उपटली गेली. गिधाडाला घरट्यासाठी असेच जुने, उंच, रुंद फांदीचे झाड लागते आणि ते पाच-दहा वर्षांत वाढत नाही. मादी वर्षाला एकच अंडे घालते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात घातलेल्या अंड्याचे पिलू उन्हाळ्याच्या सुरुवातीला उडू लागते आणि स्वतःचे घरटे करायला त्याला साधारण पाच वर्षे लागतात. चिरगावच्या झाडांखाली दुर्बीण घेऊन उभे राहणारे कार्यकर्ते म्हणून दर हिवाळ्यात तेच मोजतात : किती घरट्यांत जोडी बसली, किती घरट्यांत पिलाची मान वर आली, आणि त्यातली किती पिले मार्चनंतर फांदीवर दिसली.